भडगावची तुकडी

युवराज गेला. आणि त्याची चिता पेटलेली असताना शेजारी उभं राहून कामगारांचे पुढारी अण्णा खोटं बोलले.

"युवराज आमचा सेनापती होता!"

माईक नव्हता, तरी आवाज लावला होता. लोकांनी माना हलवल्या.

माझ्या मागं दोघं कुजबुजत होते. वय झालं, पण माझे कान शाबूत आहेत.

"आटपा म्हना अण्णाले. मनं दुकान उघडं शे."

"थांब ना. आते हात जोडतीन, मंग चालू."

सगळ्यांनी हात जोडले. मी नाही जोडले.

मला आमचा जुना कॉम्प्युटर आठवत होता.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. पिंप्राळ्यात भाड्याच्या गाळ्यात माझा कॉम्प्युटर क्लास. तीन मशीन. मी स्वतः बारावी नापास, पण पाटीवर 'डायरेक्टर'!

युवराज पाईप कंपनीत टेम्पररी कामगार. पहिली पाळी करून दुपारी यायचा. टॅली शिकायला आला आणि गेममध्ये अडकला.

जुन्या काळातल्या लढायांचा गेम होता. भालेवाले, तिरंदाज, घोडदळ, हत्ती. त्यातली नदीकाठची एक लढाई कोणाच्या बापाला जिंकता येत नव्हती. आपलं सैन्य मूठभर, पलीकडे हत्तीच हत्ती.

आम्ही सगळे एकच करायचो. नदीत उतरून हल्ला. पाण्यात माणसं मंदावायची, हत्ती यायचे, खेळ खलास. त्यात लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

युवराज मागं उभा राहून बघायचा. एक दिवस म्हणाला,

"भाऊ, तुम्ही नदीत कशाले जाता? त्यास्ले येऊ द्या ना."

भडगावचा माणूस, गिरणा नदीच्या वाळूत वाढलेला. पाण्यातून वर येणाऱ्याची दमछाक कुठं होते ते त्याला माहीत.

त्यानं सैन्य काठावरून मागं घेतलं. भालेवाल्यांचे दोन गट केले आणि मधे रुंद वाट मोकळी सोडली. हत्ती सरळ त्या वाटेत घुसतात. दोन्ही बाजूंनी बाण. घायाळ हत्ती उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या स्वतःच्याच माणसांना तुडवतो. आपलं घोडदळ टेकडीआड लपलेलं. ते वरच्या बाजूच्या उथळ पाण्यातून नदी ओलांडून शत्रूच्या पाठीत.

एकच अडचण. काठावर कोणी दिसल्याशिवाय शत्रू नदीत उतरतच नव्हता. म्हणून एक लहानशी तुकडी काठावर ठेवावी लागायची. दिसायला. मार खायला.

युवराज प्रत्येक तुकडीला गावाचं नाव द्यायचा. पारोळा, एरंडोल, चाळीसगाव. काठावरच्या तुकडीचं नाव त्यानं ठेवलं भडगाव.

"अरे येड्या, स्वतःचंच गाव मरायला ठेवलं?"

"मंग दुसरास्नं गाव मराले कसं ठेवू, भाऊ?"

त्या दिवशी आम्ही लढाई जिंकलो. क्लासमध्ये आरडाओरडा. शेजारचा टेलर कात्री घेऊनच पळत आला, म्हणे मारामारी झाली का.

युवराज अजून स्क्रीनवरचा काठच बघत होता.

"अरे, जिंकलास ना!"

"भडगाव कुठं जिंकलं?"

पुन्हा खेळायला बसला. कितीतरी दिवस तीच लढाई. शेवटी त्याला सापडलं. घोडदळ आधी सोडायचं. हत्तीचा पाय पाण्यात पडायच्याही आधी.

"काठावरचे मार खायला लागल्यावर सोडलं ना भाऊ, तर घोडदळ फक्त मढी उचलायला येतं."

त्या डावात भडगावची पाच-सहा माणसं जिवंत राहिली. युवराजनं सगळ्या क्लासला कचोरी खाऊ घातली.

त्याच वर्षी कंपनीत परमनंटची मागणी पेटली. अण्णा पुढारी. ते युवराजला म्हणाले, तू गेटवर उपोषणाला बस. तू बसलास की आम्ही पाठोपाठ काम बंद करतो.

तो मला सांगायला आला. चेहरा असा, जणू लग्नच ठरलं.

मी म्हणालो, "युवा, आधी काम बंद करायला सांग. मग बस. घोडदळ आधी. तूच शिकवलंस ना?"

हसला.

"भाऊ, तो गेम शे. आठे माणसं शेतस."

"आणि इथली माणसं नाही आली तर?"

"येतीन, भाऊ."

बसला.

कंपनीतली मशीन एक मिनिटही बंद पडली नाही. याच्या समोरून पाळ्या आत जात होत्या, बाहेर येत होत्या. काही जण मान खाली घालून, काही जण हात हलवून. गेटवर माणूस खंगतोय म्हटल्यावर मालक बोलणीला तयार झाला. अण्णा बंगल्यावर गेले. बाहेर आले ते पेढे घेऊन.

बरेच लोक परमनंट झाले.

आणि गेटवर बसलेल्याला शिस्तभंग म्हणून काढून टाकलं. तडजोडीत तेवढं द्यावंच लागलं म्हणे.

पुढं एमआयडीसीत कोणत्याच कंपनीनं त्याला उभं केलं नाही. 'तो गेटवाला' एवढीच ओळख. जन्मभर रिक्षा चालवली. अण्णांची गाडी दिसली की हा रिक्षातून नमस्कार करायचा. माझं टाळकं फिरायचं.

एकदा विचारलंच. "तुला राग येत नाही का रे?"

हँडलवरचा हात काढला नाही. समोर बघत म्हणाला,

"तुकडीचं नाव मीच ठेयेल व्हतं ना, भाऊ."

अण्णा, तुम्ही ही पोस्ट वाचणार. कोणीतरी वाचून दाखवेलच.

सेनापती मागं असतो. टेकडीवर. तिथं तुम्ही होतात.

युवराज काठावर होता.

युवा, जा आता. तिकडं कोणी म्हणालं, तू पुढं बस, आम्ही आलोच, तर बसू नको.

हात मी घरी येऊन जोडले. स्मशानात जोडले असते तर सगळ्यांच्यात मिसळले असते.