घारोबाचा उजवा हात

घरातल्या दोन पायऱ्या चढायला कुरकुर करणारा हा माणूस कामावर गेला की क्रेनच्या शिडीने सरसर वर जायचा. दिवसभर ढगांच्या शेजारी बसून नजर मात्र खाली, म्हणून साइटवर सगळे त्याला घारोबा म्हणत. उजव्या हातातल्या लिव्हरने तो अख्ख्या भिंती अशा अलगद उतरवायचा, की खालच्या माणसाला धक्क्याचा आवाजसुद्धा येऊ नये. खाली उभा राहून इशारे देणारा त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. वजन डोक्यावर लोंबकळत असलं तरी हा गडी निवांत. "दाजी वर आहेत तोवर मला काय होतंय?" असं सगळ्यांना सांगत फिरायचा.

बरं, सुट्टीच्या दिवशी तरी या माणसाने गप्प पडून राहावं. पण नाही. कॉलेजात शिकणाऱ्या लेकीने गेम खेळायला भलामोठा कॉम्प्युटर घेतला, त्याला जॉयस्टिक जोडली, आणि हा तिच्याआधी विमान उडवायला हजर. त्या दुपारी लेकीने आतून हाक मारली.

"बाबा, जॉयस्टिक बिघडली. हातसुद्धा लावला नाही तरी विमान उजवीकडे पळतंय."

"मला तर नीट जातं," तो ऐटीत म्हणाला. "तुला चालवता येत नाही, आणि खापर त्या बिचारीवर!"

त्याने बसून दाखवलं. विमान एका सुतात सरळ गेलं. लेकीचं तोंड एवढंसं झालं आणि घारोबाला आणखीच चेव आला.

पण लेकही त्याचीच. तिने केबल काढून दुसऱ्या जागी खोचली. जॉयस्टिकच्या दांड्याच्या बुडाशी साचलेली धूळ फुंकून, पुसून काढली. फरक काही नाही. मग तिने तपासणीची चौकट उघडली. पडद्यावर एक चौकोन आणि त्यात एक ठिपका. दांडा मोकळा सोडला की ठिपक्याने मधोमध थांबायला हवं. तो उजवीकडे जाऊन बसला होता.

"याचा मध्य कोणी ठरवला?"

"मीच की, मागे एकदा. विमान सारखं डावीकडे जायचं म्हणून."

"ठरवताना दांडा सोडला होता ना? तिथे तसं लिहिलेलं असतं."

"सोडला? वजन हवेत असताना लिव्हर सोडतात का कधी?"

लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. "अहो बाबा, इथे कुठलं वजन आलं!"

तोही हसला. आयुष्यभराची सवय, हात कसला सुटतोय. त्याने दांडा धरून ठेवला आणि यंत्राने बिचाऱ्याने त्याचा हात जिथे होता तोच मध्य मानला. म्हणून मोकळा दांडा यंत्राला उजवीकडे कललेला दिसत होता. एवढं ध्यानात आलं आणि घारोबाचं हसू जागच्या जागी विरलं. मोकळा दांडा जर सरळ असेल, तर आपला हातच डावीकडे कलला होता.

लेकीने दांडा सोडून मध्य नव्याने ठरवला. ठिपका बरोबर मधोमध आला. तिने दांडा धरला, तरी ठिपका हलला नाही.

"झालं! जॉयस्टिक ठणठणीत आहे. आता तुम्ही धरा."

"नंतर बघू."

गेले काही दिवस सदऱ्याची बटणं लावताना उजवा हात रेंगाळायचा. कधी त्याने थंडीला बोल लावला, कधी अपुऱ्या झोपेला. बायकोला काही कळू दिलं नव्हतं, आणि खरं तर स्वतःलाही नाही. लेकीने त्याचा हात ओढून दांड्यावर ठेवला.

"डोळे मिटा आणि अगदी सरळ धरा."

त्याने धरला. हात सरळ आहे, असं त्याने कुणाचीही शपथ घेऊन सांगितलं असतं. डोळे उघडले तर ठिपका डावीकडे सरकलेला, आणि तिथेही बारीक थरथरत होता. डाव्या हाताने धरून पाहिलं, ठिपका शांत. पुन्हा उजव्याने धरला. पुन्हा तेच.

"त्यात काय एवढं," लेक म्हणाली. "डेड झोन वाढवते. मधल्या भागातली बारीकसारीक हालचाल मग यंत्र मोजतच नाही."

तिने एक आकडा वाढवला आणि ठिपका मधोमध गपकन थांबला. हात थरथरत होता आणि पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. घारोबाला क्रेन आठवली. क्रेनच्या लिव्हरलाही मध्ये असाच न मोजणारा भाग असतो, चांगला ऐसपैस. म्हणजे वर हा हात कधीपासून असा होता, कुणास ठाऊक! उद्या काचेची तावदानं चढवायची होती, आणि खाली मेहुणा उभा राहणार होता, मान वर करून.

"तो आकडा काढ," तो म्हणाला. त्याचा आवाज ऐकून लेकीने मुकाट्याने काढला.

त्याने मुकादमाला फोन लावला. "उद्या दुसरा माणूस बसवा. हात डॉक्टरला दाखवल्याशिवाय मी वर चढणार नाही."

"हाताला लागलंय का काही?"

"नाही."

"मग झालं तर! परवाच काय झकास भिंत बसवलीत तुम्ही. उगाच मनाचे खेळ. या उद्या."

घारोबाला मोह झाला. किती झाला, ते त्याचं त्यालाच ठाऊक. हो म्हटलं असतं तर कोणाला काही कळणार नव्हतं.

"परवाची भिंत मी बसवली की लिव्हरने मला सांभाळून घेतलं, ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटतेय, मुकादम."

पलीकडून "बरं" एवढंच आलं.

लेकीला आता कुठे कळायला लागलं होतं. तिने बापाचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. तरी तो आतल्या आत थरथरतच होता.