तुतुईला बेटावरची अळूवडी

कंपनीने मला अमेरिकेतल्या हर्नडनहून तीन महिन्यांसाठी अमेरिकन सामोआला पाठवलं. तिथल्या तुतुईला बेटावर ट्यूना मासा डबाबंद करणारा कारखाना आहे, त्याची कॉम्प्युटर सिस्टीम बदलायची होती. बंदराचं नाव लिहितात पागो पागो, म्हणतात पांगो पांगो. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता आणि गावं.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी मी पायी परतत होते. घंटा वाजली आणि लुंगी नेसलेल्या एका धिप्पाड माणसाने हात करून मला थांबवलं. मी जरा घाबरलेच.

"प्रार्थनेची वेळ आहे. आता गावातून कुणी चालत नाही. आमच्याकडे बसा," तो म्हणाला.

ओसरीवर त्याची म्हातारी आई बसली होती. तिने शेजारच्या चटईवर थाप मारली. प्रार्थना झाली, सगळं घर सुरात गायलं, मग मला कोको मिळाला आणि गप्पा सुरू झाल्या. हा मुलगा कारखान्यात, धाकटा सैन्यात, मुलगी हवाईत. "इथे एक तर कारखाना, नाहीतर सरकारी नोकरी, नाहीतर विमान," म्हातारी म्हणाली. घराची जमीन मात्र सगळ्या कुळाची, कुणा एकाला विकता येत नाही. मला आमच्या काकालोकांची शेतावरून झालेली भांडणं आठवली.

"तू अमेरिकन का?" तिने विचारलं.

"गेल्याच वर्षी सिटिझन झाले. जन्म नागपूरचा."

ती खदखदून हसली. "माझा जन्म इथला, अमेरिकेच्या झेंड्याखाली. पण इथे जन्मून सिटिझन होता येत नाही. म्हणजे तू माझ्यापेक्षा जास्त अमेरिकन." आणि तिने माझ्या कपात आणखी कोको ओतला.

रविवारी तिने जेवायला बोलावलं. तापल्या दगडांवर भाजलेल्या पुड्या उलगडल्या, तर आत नारळाच्या दुधात शिजलेली पानं. एका घासात ओळखलं. अळू. नागपूरकडे आम्ही त्याला धोपा म्हणतो.

"आम्ही याच्या वड्या करतो," मी म्हणाले.

"मग कर की. पण नीट शिजव, नाहीतर घसा खाजेल."

हे वाक्य मी लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकत आले होते. बेटावर बेसन कुठेच मिळालं नाही. शेवटी पिवळे वाटाणे मिक्सरमधून काढले, चिंचेऐवजी लिंबू पिळलं आणि पुढच्या शनिवारी त्यांच्याच स्वयंपाकघरात उंडे वाफवून वड्या तळल्या.

म्हातारीने एक खाल्ली, विचार केला, मग उरलेल्या वड्यांवर वाटीभर नारळाचं दूध ओतलं. "हं, आता झालं."

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सगळं सांगितलं. तिचा एकच प्रश्न. "वड्या कुरकुरीत राहिल्या का गं?"

"नाही राहिल्या," मी म्हणाले, "पण सगळ्यांनी अशा फस्त केल्या, की मला एकच मिळाली."