दस्त्याच्या आतलं नाव

ज्यांच्याशी मी खोटं बोलले त्यांचं नाव नलिनीताई मेस्त्री. गिरगावात राहतात, वय पंचाहत्तरच्या पुढे, म्युनिसिपल शाळेत शिवण शिकवून रिटायर झालेल्या. खोटं बोलले ते गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, त्यांच्याच दारात चपला घालता घालता. हे मी कुठे लिहिलेलं नाही, संघटनेत बोललेले नाही, घरी आईलाही माहीत नाही. सांगितलं ते एकाच माणसाला – खुद्द नलिनीताईंना, वर्ष उलटल्यावर. आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही. म्हणून आता तुम्हाला सांगतेय.

आधी मी कोण ते. डिलाईल रोडच्या चाळीत वाढले, सत्ताविशी संपत आलीय, आणि कॉलेजपासून पत्रकं लिहितेय. परळच्या एका हॉस्पिटलात कंत्राटावर झाडूपोछा करणाऱ्या बायकांच्या बिल्ल्यावर नुसता नंबर असायचा. वॉर्डातून हाक यायची, 'ए चौदा, इकडे ये.' आम्ही दोन वर्षं भांडलो. 'बिल्ल्यावर नाव लावा' हे पत्रक माझंच. त्यात मी लिहिलं होतं की ज्याचे हात वापरता त्याचं नाव गिळायचा तुम्हाला अधिकार नाही. अजून पाठ आहे मला ते. पाठ असण्याचा आता त्रास होतो.

पत्रकाची एक सवय असते – आधी वाक्य येतं, पुरावा मागून. 'कदाचित', 'बहुधा' असले शब्द पत्रकात चालत नाहीत. ठासून लिहायचं. कुणी विचारलंच तर बघू. बऱ्याचदा कुणी विचारत नाही.

सकाळी संघटना, दुपारपासून नोकरी. नोकरी कसली? लोअर परळच्या काचेच्या टॉवरमध्ये, अमेरिकेतल्या एका लिलाववाल्यांसाठी कॅटलॉग तयार करायची. माल तिकडे, फोटो तिकडे निघतात, पण कुठला लॉट कुठल्या क्रमानं, प्रत्येकाखाली मजकूर काय, घेणाऱ्यांच्या शंकांना उत्तरं कोणती – ते सगळं इकडे. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला आला इंग्रजांच्या शिकारीच्या जुन्या बंदुकांचा लिलाव. चाळीसेक बंदुका, सगळ्या शंभरीच्या आसपासच्या, आणि घेणारे अमेरिकेतले हौशी संग्राहक.

संघटनेतला संत्या रोज छळायचा. 'काय गं कॉम्रेड, आज साहेबाच्या किती बंदुका पुसल्यास?' मी म्हणायचे, पुसत नाही रे, विकते. सगळे हसायचे, मीही हसायचे. पण खरं सांगू? मला ते काम आवडायला लागलं होतं. बंदुकांचा मला राग यायला हवा होता – तो आला नाही. त्याऐवजी प्रश्न आले. नळीवरची नक्षी कोण कोरत असेल? मागचा लाकडी दस्ता अक्रोडाचाच का? मग कळलं, दस्त्याची बारीक मान असते ना, जिथे मूठ बसते, तिथून लाकडाच्या रेषा सरळ जाव्या लागतात, नाहीतर बार काढताना तिथेच मोडतो. असली माहिती मी घरी जेवताना सांगायचे आणि आई म्हणायची, भाजी वाढू का अजून.

त्यातली एक बर्मिंगहॅमची दुनळी होती. इतकी देखणी की मी तिच्याखाली लिहिलं – कारखान्यातून निघाली तशीच्या तशी, एकही तुकडा बदललेला नाही. कशावरून लिहिलं? कशावरूनही नाही. वाक्य चांगलं वाटलं. तिकडच्या साहेबांना ते इतकं आवडलं की ती बंदूक कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर गेली आणि माझं वाक्य तिच्याखाली. आमच्या टीमचा प्रमुख केतन मला सगळ्यांसमोर शाबासकी देऊन गेला.

मग टेक्सासच्या एका म्हाताऱ्या संग्राहकानं दस्त्याच्या आतले फोटो मागितले. दस्त्याच्या टोकाला धातूची पट्टी असते, दोन स्क्रूंनी बसवलेली. तिकडच्या फोटोग्राफरनं ती काढली, आतल्या लाकडाचा फोटो घेतला, आणि तो माझ्या फोल्डरमध्ये येऊन पडला. सोबत फोटोग्राफरचा प्रश्न – या खुणा कसल्या? त्याला त्या ओरखड्यांसारख्या दिसल्या होत्या. फोटो उलटा होता. मी फिरवला.

मराठी होतं.

पटाशीच्या टोकानं कोरलेलं, बारीक, पण स्वच्छ. 'शुक्रवारी मुलगी झाली. नाव नलिनी. – द. ग. मेस्त्री, गिरगाव.'

मी मोठ्यानं हसले. शेजारची मुलगी बघायला लागली. बर्मिंगहॅमची बंदूक, अमेरिकेतलं टेबल, आणि आत गिरगावातला सुतार आपल्या घरची बातमी देतोय. आणि त्या बातमीनं माझं वाक्य खोटं पाडलं होतं. दस्ता मूळचा नव्हता. तो मोडला असणार, आणि ह्या मेस्त्रीनं नवा असा काही बसवला होता की एवढ्या जाणकारांतल्या एकालाही पत्ता लागला नव्हता.

मग केतनला सांगायचं ना? एका ओळीचं काम होतं – मजकूर चुकला, दस्ता गिरगावात बनलाय, दुरुस्त करा. मला कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं. फार तर मुखपृष्ठ बदललं असतं. मी म्हटलं, आधी चौकशी करू, मग सांगू. चौकशी हा पळून जायचा सगळ्यात सभ्य रस्ता आहे, हे मला तेव्हा कळलं नाही. की कळलं होतं?

रविवारी गिरगावात गेले. खोताच्या वाडीत एका लाकडी घराचा कठडा बदलायचं काम चाललं होतं, तिथल्या सुताराला विचारलं, बंदुकीचं काम करणारे कुणी मेस्त्री होते का इथे. तो म्हणाला, ते नलिनीताईंचे वडील. त्या सगळ्यांना सांगत असतात, ऐकतंय कोण. नाव ऐकून मी लगेच पत्ता विचारला. पलीकडच्या गल्लीतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. मी खरं कारण सांगितलं नाही. जुन्या कारागिरांची माहिती गोळा करतेय, म्हटलं. संघटनेचं पत्रक दाखवलं – ओळखपत्र म्हणून. त्यांनी ते बिल्ल्यांचं पत्रक अख्खं वाचलं आणि म्हणाल्या, बरोबर लिहिलंयस.

मग त्या बोलत राहिल्या. वडील दत्ताराम मेस्त्री, मूळचे कुडाळकडचे, फोर्टातल्या बंदुकांच्या एका दुकानाचं काम करायचे. नलिनीताई तिसरी मुलगी. आई त्यांना आयुष्यभर ऐकवत राहिली – तू झालीस तेव्हा ह्यांनी तीन दिवस घरात पाऊल ठेवलं नाही, दुकानातच बसून राहिले. बारशाला आत्यानं सुचलं ते नाव ठेवलं. वडील नलिनीताईंच्या नवव्या वर्षी गेले. जायच्या थोडं आधी एकदा म्हणाले होते, तुझं नाव मी बंदुकीत घातलंय. दस्त्याच्या आत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, काहीतरी कोरून ठेवायची त्यांना सवय होती म्हणे. आई म्हणायची, थापा. पोरीला गोड वाटावं म्हणून.

'मी कुणाकडे जुनी बंदूक आहे असं ऐकलं की विचारते,' त्या म्हणाल्या. 'उघडून बघाल का म्हणून. लोकांना वाटतं, हिला वेड लागलंय.'

समजलं ना तुम्हाला? बंदुकीशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. ते तीन दिवस रागाचे होते की नव्हते, एवढंच त्यांना हवं होतं. नुसतं 'शुक्रवारी' लिहिलंय म्हणजे त्याच आठवड्यात – बारशाच्या आधी, आत्याच्या आधी, बापानं दुकानात बसून नाव ठरवलं होतं आणि लाकडात कोरून टाकलं होतं – हे जगात फक्त मला माहीत होतं. फोटो माझ्या पर्समध्ये, फोनवर होता. समोर त्यांनी केलेला चहा होता. मी म्हटलं, बघते कुणाकडे मिळतं का.

का? मी अजून स्वतःला विचारते. फोटो दाखवला असता तर त्या विचारणार, ही बंदूक कुठाय, कॅटलॉगमध्ये बाबांचं नाव छापाल ना? आणि मग मला केतनसमोर जाऊन माझं वाक्य मागे घ्यावं लागणार. मी हॉस्पिटलच्या डीनसमोर टेबलावर हात आपटलेली मुलगी. स्वतःचं एक वाक्य मागे घेताना माझी जीभ उचलेना.

मंगळवारी संध्याकाळी अमेरिकेबरोबर कॉल होता. केतननं तो फोटो उघडलाच नव्हता, माझ्यावर सोडला होता. टेक्सासचा म्हातारा स्वतः कॉलवर आला. फार गोड बोलला. म्हणाला, माझे आजोबा सुतार होते, म्हणून विचारतोय. आत कुणा माणसाचं नाव असेल तर मला कळायला आवडेल. ऐकताय ना? तो माणूस नाव मागत होता. मी दिलं असतं तर तो कदाचित खूशच झाला असता.

मी म्हटलं, आत फक्त लाकूड तासतानाच्या रेघा आहेत. अक्षरं नाहीत.

तो फोटो मी 'नको' म्हणून बाजूला टाकला, म्हाताऱ्याला पाठवलाच नाही. लिलावानंतर फोल्डर पुसलं जातं, तेव्हा तोही गेला. माझ्या फोनमधला मी लिफ्टची वाट बघत उभी असताना डिलीट केला, कुणी बघू नये म्हणून.

आणि तरी मी नलिनीताईंकडे जातच राहिले. आणखी दोनदा. गोष्टी ऐकायच्या होत्या – अक्रोड कुठून यायचा, बाबा तेल कसं चोळायचे, पटाशीला धार कशी लावायचे. घेत राहिले. पाडव्याच्या आदल्या दिवशी निघताना त्या दारापर्यंत आल्या आणि भीतभीत विचारलं, जसं आपण डॉक्टरला रिपोर्टबद्दल विचारतो – 'खंय काय गावला काय गो?' कुठे काही सापडलं का.

'नाही हो ताई. काहीच नाही.'

त्यांनी मान हलवली. खोबऱ्याच्या वड्यांची पुडी हातात दिली. ती मी घेतली.

लिलाव झाला. दुनळी गेली. कुणाकडे ते आमच्यापर्यंत येत नाही; टेक्सासच्याच म्हाताऱ्याकडे की आणखी कुणाकडे, मला माहीत नाही. मी नोकरी सोडली – तत्त्वासाठी सोडली असं संघटनेत सांगितलं. तेही खोटं.

या वर्षी हॉस्पिटलच्या बायकांना बिल्ले मिळाले, नावासकट. सभा झाली. संत्या माइकवर म्हणाला, नावासाठी भांडावं तर आपल्या पोरीनं. टाळ्या पडल्या. मी मधूनच उठले आणि सरळ गिरगाव गाठलं.

नलिनीताईंना सगळं सांगितलं. काय कोरलं होतं, कसं कोरलं होतं, शेवटी गिरगाव. त्या शिवणयंत्रासमोर बसून ऐकत होत्या. मध्ये एकदाच हलल्या – मी 'नाव नलिनी' म्हटलं तेव्हा. मग त्यांनी विचारलं, फोटो? म्हटलं, नाही. म्हणाल्या, त्या दिवशी तर तूच म्हणालीस, काही नाही म्हणून. मी म्हटलं, तेव्हा खोटं बोलले होते ताई, हे खरं आहे. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. जितकं ठासून सांगत गेले तितकं ते पत्रकासारखं वाटायला लागलं – मलाही.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

'माका बरा वाटाक होया म्हणान सांगतंस गो तू,' त्या म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. रागानं नाही. माझीच समजूत काढत. म्हणाल्या, आई पण असंच म्हणायची बाबांना, पोरीला गोड वाटावं म्हणून सांगता. माणसं चांगलीच असतात सगळी, तू जिवाला लावून घेऊ नकोस.

बापाचं एक खरं वाक्य होतं त्यांच्याकडे, पासष्ट-सत्तर वर्षं जपलेलं, अर्धवट का होईना विश्वास असलेलं. मी जाऊन तेही थापांमध्ये जमा करून आले.

माफी वगैरे मला नकोय. तुम्ही ती देऊही नका, तो तुमचा विषय नाही. तुमचा विषय वेगळा आहे. तुमचा भाऊ, भाची, कॉलेजचा मित्र, कुणीतरी अमेरिकेत आहेच. त्याला आज फोन करा. जुन्या बंदुका जमवणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्यापर्यंत पोचायला सांगा. बर्मिंगहॅमची दुनळी, अक्रोडाचा दस्ता, आणि सोबतच्या कॅटलॉगवर छापलेलं – एकही तुकडा बदललेला नाही. ते वाक्य माझं, ते खोटं. टोकाची पट्टी काढायला लावा, दोन स्क्रू आहेत फक्त. आतला फोटो घ्या आणि गिरगावात नलिनीताईंच्या हातात द्या. खोताच्या वाडीत नाव विचारलंत की घर दाखवतील. मला पाठवू नका. माझ्या हातून आलेल्या कशावरही त्या आता विश्वास ठेवणार नाहीत.