रातकिड्याचा पाय आणि बाबांचं वल्हं

रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांत असतात, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा आमचे साहेब हसले होते. बोईसरच्या एका छोट्या कारखान्यात मी सेन्सर बनवते. पंपाचं बेअरिंग मोडण्याआधी बारीक कुरकुरतं. एवढ्या गोंगाटात ती कुरकुर ऐकणारा कान मला हवा होता. म्हणून रातकिड्यासारखा एक बारीक पाय आणि त्यावर पातळ पडदा. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. "नाही जमलं तर हे किडेबिडे बंद."

जमलं नाही. चांगला पंप काय नि खराब काय, माझ्या सेन्सरला दोन्ही सारखेच. साहेबांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. रविवारी सेन्सर पिशवीत घालून दांडी गावी, कोळीवाड्यातल्या आमच्या घरी गेले.

बाबा ओट्यावर जाळं सांधत होते. त्यांनी सेन्सर उलटा केला आणि पायाखालचं रबर चिमटीत धरलं. "ह्ये कशाला?"

"धक्के लागू नयेत म्हणून."

बाबा खो खो हसले. "पोरी, आवाज पायातून येनार, नि पायालाच तू पायताण घातलंस? लानपनी पन असंच केलंस."

केलं होतं खरं. समुद्रात इंजिन बंद करून बाबा वल्हं पाण्यात बुडवत आणि वरचं टोक कानाला लावत. खाली घोळ मासे असले की त्यांची टरटर लाकडातून वर येई. मला ते ओलं लाकूड टोचायचं, म्हणून मी त्याला टॉवेल गुंडाळला आणि काहीच ऐकू येत नाही म्हणून भोकाड पसरलं. एवढी शिकले आणि पुन्हा टॉवेलच गुंडाळला!

सोमवारी रबर काढून पाय थेट लोखंडाला टेकवला. चाचणीसाठी ठेवलेल्या पाच पंपांतला खराब कोणता, हे साहेबांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. सेन्सरने चौथा दाखवला. फिटरने उघडला, तर बेअरिंगला चीर.

अहवालात मी लिहिलं: कल्पना रातकिड्याच्या पायावरून, दुरुस्ती माझ्या वडिलांच्या वल्ह्यावरून. साहेबांनी दुसऱ्या भागावर लाल रेघ मारली. "किडा ठीक आहे, सायन्स आहे. वल्हं कंपनीच्या कागदावर बरं दिसत नाही. ते काढल्याशिवाय मी हे पुढे पाठवणार नाही."

किडा चालतो, बाप चालत नाही. माझं डोकंच फिरलं. खणातून रबराचा तुकडा काढला, सेन्सरच्या पायाखाली पुन्हा चिकटवला आणि तो त्यांच्या टेबलावर ठेवला.

"घ्या सर. वल्हं काढलं."