मारुतीला मी गप्प राहायला शिकवलं

गावाकडच्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या सगळ्यांनो,

चंदगडहून निघालो तेव्हा सासूबाई एसटीच्या खिडकीखाली उभ्या होत्या. ह्यांचा धाकटा भाऊ मारुती, असेल वीस-एकवीसचा, आमच्याबरोबर निघालेला. मला म्हणाल्या, "दोघांची भाकरी आता तुझ्या हातची. धाकट्याला उपाशी झोपवू नकोस." आणि गाडी हलायच्या आतच पाठ फिरवून चालायला लागल्या.

इकडं घाटाखाली, कोकणी मुलखात, सुर्ल्यात ह्यांना खाणीच्या ट्रकवर काम मिळालं. मारुती त्याच ट्रकवर क्लीनर. ट्रक मागं घेताना त्याच्या मागच्या फळीवर थाप मारून ओरडायचा, "येऊ दे, येऊ दे... बास!" आवाज पार आमच्या खोलीपर्यंत यायचा. मी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकून उंडे घ्यायला शिकले, उकड्या तांदळाची पेज शिकले. सगळं शिकले हो. पण दुकानात तोंड उघडलं की मागून कुणीतरी म्हणायचंच, "घाटी आयले." म्हणून मीच मारुतीला सांगून ठेवलं, "पोलीस दिसला की गप्प बसायचं. बोललास की कळतं कुठला ते." तेव्हा मला तेच शहाणपणाचं वाटलं.

मग खाणी बंद पडल्या. हे गेले. मारुतीचं डोकं हळूहळू फिरत गेलं. नसलेली माणसं त्याला हाका मारायला लागली. रस्त्याकडेला गाडी दिसली की थाप मारायची आणि "येऊ दे." वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, सगळ्यांना सवय होती. एका दुपारी मात्र गाडी बाहेरच्या कुणाची तरी होती. त्यांनी चोर समजून पोलिसांना बोलावलं. पोलिसांनी नाव विचारलं, गाव विचारलं. हा गप्प. वहिनीचं ऐकत होता ना! काळा रंग, मळका शर्ट, नाव सांगत नाही. झालं, घाटी, म्हणजे चोरच. मारलं त्याला.

मी धावत चौकीवर गेले, तर हवालदार म्हणतो, "तुमच्या लोकांचं असंच." तीस वर्षं इथलं पाणी पितेय मी, आणि तुमचे लोक! किती सांगितलं, तो आमच्या वाड्यावरचाच, आजारी आहे म्हणून. माझ्याकडं कोण बघतंय! शेवटी शेजारच्या सुलक्षणाबाई तशाच अनवाणी धावत आल्या, आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईला घेऊन. "हो आमच्या वाड्यावयलो. हांव वळखता ताका," मी ओळखते त्याला, एवढंच म्हणाल्या, आणि सोडलं. तेच मी तासभर सांगत होते. या सुलक्षणाबाईंनी पहिली सात वर्षं माझ्या घरचा चहा घेतला नव्हता, तेही लिहून ठेवते.

मारुती घरी आला, पण त्या दिवसापासून बोललेला नाही.

आता नर्सबाई दर आठवड्याला येतात, गोळ्या देतात, त्याच्याशेजारी बसतात. तो भरकटला तर पोलिसांना नाही, त्यांना फोन करायचा, असं वाड्यावरच्या बायकांनी ठरवलंय. कुणी ना कुणी त्याला आपल्या सोप्यावर बसवून चहा देतं. एवढंच तर लागत होतं हो. आधी केलं असतं तर मार वाचला असता त्याचा. आणि मी त्याला गप्प बसायला सांगितलं नसतं तर. जेवताना मी एकटीच बोलते. तो ताटाकडं बघत राहतो. कधी कधी मीही थांबते, मग खोलीत काहीच ऐकू येत नाही.

परवा थोरल्या दिरांच्या पोराचा फोन होता. "काकी, या की दोघंबी. खोली मोकळीच हाय. काकाला देवऋष्याकडं दावूया." आपली बोली ऐकून मी फोन कानाशी घट्ट धरला. पण मागं गावात अशाच डोकं फिरलेल्या एकाला खांबाला बांधून ठेवलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. नको म्हणाले.

केंद्रातल्या मारुतीच्या कार्डावर जवळच्या माणसाचं नाव लिहायचं होतं, म्हणजे मला काही झालं तर कुणाला बोलवायचं ते. पेन धरून किती वेळ बसले. तुम्ही सगळे एकेक करून आठवलात. मग सुलक्षणाबाईंचं नाव लिहिलं. रागावू नका. त्याला शोधायला अनवाणी कोण धावेल, तेवढंच बघितलं मी.