अपोलोचं नाव काहून नाही बदललं?

लेकीच्या शाळेत प्रश्नमंजूषा होती आणि बाईंनी नेमके ग्रीक-रोमन देव तिच्या गळ्यात मारले होते. आठवडाभर आमच्या धरमपेठेतल्या घरात दुसरं काही नाही. मी भाजी निवडायची, ती घोकायची. ग्रीकांचा झ्यूस, रोमनांचा ज्युपिटर. हेराची जुनो. पोसायडनचा नेपच्यून. डोकं उठलं होतं माझं.

त्यात धाकट्या दिराचं लग्न तोंडावर आलेलं. होणारी जाऊ सदरला नोकरी करते. तिनं फोनवर स्पष्टच सांगितलं, मी नाव बदलणार नाही. आमच्याकडे गृहप्रवेश झाला की ताटात तांदूळ पसरतात आणि नवरदेव अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. सासूबाई उमरेडच्या विणकर घरातल्या, रीतीला पक्क्या. नावही ठरवून बसलेल्या. फोन ठेवला तेव्हापासून त्यांचं तोंड फुगलेलं. माझं नाव त्याच ताटात बदललं होतं आणि मला कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगू? त्या पोरीचा मला रागही येत होता आणि हेवाही वाटत होता.

"काहून वं, नावं काहून बदलवली त्यायची?" सासूबाईंनी लसूण सोलता सोलता नातीला विचारलं.

"आजी, ते ग्रीसचे देव. रोमवाल्यांनी त्यांना आपलं मानलं, मग नावंही आपलीच दिली."

"म्हणजे सासरी गेले म्हण ना!"

लेक हसून हसून लोळली. मलाही हसू आवरेना. मग अपोलो आला. अपोलोचा अपोलोच.

"अन् याचं?"

"याचं नाही बदललं. रोममध्येही अपोलोच."

"मग? मान कमी झाला का त्याचा?"

"छे! तिकडेही मोठाच देव होता."

सासूबाईंनी लसूण भाजीला लागतो त्याच्या दुप्पट सोलून ठेवला.

लग्न लागलं, वरात घरी आली, तांदळाचं ताट समोर आलं. दिराच्या हातात अंगठी. तो आईकडे पाहतोय, नवरी त्याच्याकडे, आणि माझा जीव टांगणीला.

"पाहून काय राहिला गा? तिचं हाये तेच लिही. अपोलो राहू दे तिले."

पाहुणे बुचकळ्यात पडले. लेकीनं टाळ्या वाजवल्या. दिरानं घाईघाईनं बायकोचं नाव लिहिलं, न जाणो आई बदलली तर! मीही सगळ्यांबरोबर हसले, आणि पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. सासूबाईंनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा हिंगण्याच्या कंपनीच्या बसनं कामावर गेला आणि मी चहा टाकला. हॉलमधून सासूबाई कोणाला तरी हाका मारत होत्या. मला वाटलं, पाहुण्यांतली असेल कोणी. तीन-चार हाका झाल्या तरी ही बया ओ देईना. शेवटी मीच चिडून बाहेर डोकावले. हॉलमध्ये त्या एकट्याच, माझ्याकडे पाहत बसलेल्या.

"बहिरी झाली काय वं? तुलेच बोलावून राहिली," म्हणाल्या, आणि माझं माहेरचं नाव त्यांनी पुन्हा एकदा घेतलं.

मी ओ दिली. इतक्या मोठ्यानं, की नवी जाऊ दचकून खोलीबाहेर आली.