अनुमोदक

निवृत्त झाल्यावर काय करणार, असं विचारणाऱ्यांना मी सांगायची, सरपंचांवर नजर ठेवणार. लोक हसायचे. मी मुळीच चेष्टा करत नव्हते. जन्मभर शाळेत पोरांना वळण लावलं, आता मोठ्या माणसांना लावू, इतकं सोपं वाटलं होतं मला.

आमच्या गावाच्या डोंगराकडच्या वाडीला पाण्याची टाकी मंजूर झाली होती. उन्हाळाभर तिथल्या बाया खालच्या झऱ्यावरून हंडे वाहतात. टाकी वाडीतच हवी, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. खोदाई मात्र सुरू झाली सरपंचांच्या पोल्ट्रीमागे! मी तणतणत त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी चहा मागवला, मग म्हणाले, "बाई, ग्रामसभेचा ठराव हाय. मी एकटा कोन ठरवनारा?" असं गोड बोलणाऱ्या माणसाचा मला दुप्पट राग येतो.

मी तक्रार लिहिली. सोबतीला वाडीतली माझी एक जुनी विद्यार्थिनी आली. तिची सून सातव्या महिन्यात होती आणि तरी झऱ्यावर जात होती. आम्ही दोघींनी तालुक्याला, घोडेगावला जाऊन झेरॉक्स काढल्या, अर्ज दिला आणि मग नुसते फोन. "तुमची फाइल वर गेली." वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. ते वाक्य ऐकलं की माझं डोकं उठायचं. घरचे म्हणाले, सोडून दे आता. मी जेवणाच्या ताटावरून उठले त्या दिवशी.

शेवटी एकदाचे चौकशीचे साहेब आले. ग्रामपंचायतीत सरपंच, आम्ही दोघी आणि मधे टेबलावर ग्रामसभेचं रजिस्टर. साहेबांनी ठराव वाचला: टाकीची जागा बदलण्यास सभेची एकमताने मंजुरी. ठराव मांडणारा तो सूचक, तिथे उपसरपंचांचं नाव. त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. तिथे माझं.

"बाई, खाली सही तुमचीच ना?"

सही माझीच होती. अगदी फळ्यावर लिहावं तशी सुवाच्य.

आमच्याकडे सभेला माणसं जमत नाहीत, म्हणून शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. "बाई, कोरमापुरती तेवढी सही द्या," म्हणतो. माझे हात पिठाचे असायचे. पदराला पुसून मी उंबऱ्यातच सही ठोकायची, वर त्याला चिडवायचीही, "सभा कशाला घेता रे, रजिस्टरच फिरवत जा." सह्यांच्या वरचं पान कोरं असायचं. त्यात पुढे काय लिहितात, हे मी एकदाही विचारलं नाही. आणि म्हणे मी नजर ठेवणार!

"पान कोरं होतं, साहेब," मी म्हणाले.

"कोऱ्या पानावर सही केलीत? शिक्षिका असून?"

सरपंच मान खाली घालून हसू दाबत होते. तक्रार तिथल्या तिथे निकाली निघाली. स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्यात, असं झालं मला.

बाहेर आल्यावरही माझा हट्ट जाईना. मी माझ्या विद्यार्थिनीला म्हटलं, "माझं चुकलं, मान्य. पण वाडी तर म्हणू शकते ना, की हा ठराव आम्हाला माहीतच नाही? तुमच्या कुणाच्या सह्या नाहीत ना त्यात?"



"हायेत बाई. समद्या वाडीच्या हायेत. मी शिपायाला म्हनलं व्हतं, पान कोरं हाय, मी न्हाई करनार. तर त्यानं वर बोट दावलं. पैली सही तुमची व्हती."